संप आणि आमच्या अंगणातली शाळा

बाळांनो,

परवा तुमच्या आईचा फोन आला. तुमच्या शाळेतले शिक्षक संपावर जाणार आहेत म्हणे, आणि घरात दोघांच्या नोकऱ्या, त्यामुळे तुमचं काय करायचं हा प्रश्न पडलाय. "तू रिसालीत मागे मुलांसाठी अंगणात शाळा भरवली होतीस ना? कशी केली होतीस ते नीट लिहून पाठव," असं ती म्हणाली. तिला वाटतं, लोणच्याची कृती पाठवावी तशी मी ही पण पाठवीन. पाठवते. पण या शाळेचं पुढे काय झालं ते मी तिला कधी सांगितलं नव्हतं. अर्धी गोष्ट लिहिणं मला जमत नाही, म्हणून सगळीच लिहिते.

आमच्या घराची वरची खोली तुम्ही पाहिली आहे. तिथे तेव्हा एक मॅडम राहायच्या. मॅडम म्हणायची सवय गल्लीला. मी तिला पोरीच म्हणायची. डोंगरगडकडची, घरात मराठी बोलणारी, वडील रेल्वेत गँगमन होते ते वारलेले, आई गावी एकटी. पाण्याच्या टाकीमागच्या सरकारी शाळेत ती शिकवत होती. ती शाळा नुकतीच इंग्रजी माध्यमाची झाली होती, म्हणून पोलादाच्या प्लांटमधून रिटायर झालेल्या आमच्यासारख्यांची नातवंडंही तिथे जाऊ लागली होती. आधी तिकडे फक्त कामवाल्या बायांची आणि ठेकेदाराकडच्या मजुरांची मुलं जायची.

तिची नोकरी कच्ची होती. दर वर्षी नवी ऑर्डर, पगार कधी वेळेवर, कधी सणानंतर. तिचं इंग्रजी कच्चं आहे हे ती स्वतःच सांगायची आणि संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसायची. मी भाजी चिरत असायची आणि ती उद्याचा धडा मोठ्याने वाचायची. मी आयुष्यभर प्लांटच्या ऑफिसात इंग्रजी पत्रं टाइप केली, ती विद्या कुणाच्या कामी येईल असं वाटलं नव्हतं. ती चुकली की मी सुरीनेच खूण करायची. ती हसायची. "काकू, चाकू दाखवून इंग्रजी शिकवणारी मास्तरीण मी पयल्यांदाच पाह्यली."

ऑर्डर पक्की झाली की आईला इकडे आणायचं, एवढा एकच विचार तिच्या डोक्यात होता. आईच्या गुडघ्यांचं दुखणं वाढलं होतं. खालची मागची खोली मी तिच्यासाठी रिकामी करून ठेवीन असं मी बोलूनही बसले होते, म्हणजे त्यांना जिना चढावा लागणार नाही.

संपाची बातमी तिने गल्लीत सगळ्यात आधी मला सांगितली.

"काकू, सोमवारपासून आमी रायपूरले धरण्याले बसणार. सगळे. पक्कं केल्याबिगर उठणार नाई."

"आणि मुलं?"

"पोरायचं वाईट मलेही वाटते. पण शाळा बंद पडली तवाच कोनी विचारन. सुरूच राह्यली तं आमाले कोन विचारते? तुमी पोरायले घरी बसवून वाचून घ्या, माही ना नाई. फक्त शाळेत नको. अन शाळेचं नावही नको."

मी म्हटलं, ठीक. माझा शब्द झाला.

पालकांची बैठक शेजारच्या ओट्यावर झाली. शेजारी म्हणजे तुमचे आमगावचे आजोबा, ज्यांच्या खांद्यावर बसून तुम्ही दसऱ्याचा रावण पाहिला होता. तुमचे आजोबा आणि ते कोक ओव्हनमध्ये एकाच पाळीत होते. दोघं वैदर्भीय, दोघं शेतकऱ्यांच्या घरचे, दोघांनी घरं बांधली ती भिंतीला भिंत लावून. ते शाळेच्या पालक समितीचे अध्यक्ष होते, कारण त्यांचा नातू तिथे शिकत होता आणि कारण त्यांना बोलायला आवडायचं.

त्या दिवशी ते फार छान बोलले. कोक ओव्हन म्हणजे विटांच्या उंच भट्ट्यांची लांब रांग, तिला बॅटरी म्हणतात. एकदा पेटवली की ती वर्षानुवर्षं थंड होऊ देत नाहीत. थंड झाली की विटा तडकतात आणि सगळी रांग कामातून जाते. म्हणून प्लांटमध्ये संप झाला तरी काही माणसं आत थांबायची. युनियनच्या संमतीने, मॅनेजमेंटला ठाऊक असताना. ती कोळसा भरत राहायची, आच धरून ठेवायची, आणि बाहेर गेटवर घोषणा देणारे त्यांच्यासाठी डबे पाठवायचे. कुणी त्यांना फुटलेले म्हणत नसे.

"तसंच हे," आमगावचे आजोबा म्हणाले. "मास्तर लोक गेटवर बसले, बसू द्या, त्यायचा हक्क हाय. आपण फक्त बॅटरी गरम ठेवाची. पोरायचं डोस्कं थंडं पडू द्याचं नाई."

"तुमचं कधी गरम झालं होतं का?" एका ऑटोवाल्या बापाने विचारलं आणि सगळे हसले.

"हसा लेको. पण एक ध्यानात ठेवा, शाळेचं कुलूप कोनी उघडाचं नाई. मॅडमनं सांगतलं हाय."

हे वाक्य त्यांचं आहे, माझं नाही. सगळ्यांसमोर बोललेलं.

आता कृती लिहिते, तुमच्या आईसाठी. पहिली गोष्ट म्हणजे जेवण. मुलांना शिकवायला माणूस सापडतो, पण शाळेतलं दुपारचं जेवण बंद झालं की ज्यांच्या आया सकाळी सात वाजता मरोद्याच्या प्लांट क्वार्टरांमध्ये भांडी घासायला जातात त्यांची मुलं दिवसभर बिस्किटांवर राहतात. म्हणून आधी खिचडीची पाळी लावली, मग गणिताची. ज्यांना शिकवता येत नाही त्यांनी शिजवायचं, आणि ज्यांना दोन्ही जमत नाही त्यांनी मुलांना रस्ता ओलांडून आणायचं आणि सोडायचं. मोठ्या मुलांनी लहानांचे पाढे घ्यायचे. इंग्रजी माझ्याकडे. गणित आमगावच्या आजोबांच्या सुनेकडे. तिने बीएड केलं होतं आणि लग्नानंतर घरीच होती. दुर्गची मुलगी, मराठी समजायची, बोलायची हिंदी.

आणि एक नियम मी घातला, ज्याचा मला फार अभिमान होता. नवा धडा कुणी सुरू करायचा नाही. जे झालंय त्याचीच उजळणी. म्हणजे मॅडम परत येतील तेव्हा पुस्तक त्यांनी जिथे मिटलं तिथेच उघडेल. वरच्या पोरीला मी हे सांगितलं तेव्हा तिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

ती पहाटेच्या मेमू गाडीने रायपूरला जायची आणि अंधार पडायच्या आत परत यायची. येताना धरण्याच्या मांडवातल्या गमती सांगायची. कोणी भजनाच्या चालीत मागण्या बसवल्या, कोणी ऊन लागून पडली आणि शुद्धीवर येताच तिने "ऑर्डर आली का?" विचारलं. आमच्या अंगणात मुलं नीट बसत होती. खिचडीत एकदा मीठ दोनदा पडलं, तरी कुणी टाकली नाही. मला वाटत होतं, आम्ही काहीतरी नीटनेटकं आणि न्याय्य केलं आहे.

मग एका सकाळी मी अंगणात आले तर फळ्यावर अपूर्णांकांचा धडा होता. तो अजून झालेला नव्हता.

"बेटा, हे नवीन आहे," मी म्हटलं.

"हाँ आंटी. पापाजी ने कहा है, कोर्स आगे बढ़ाना है. बच्चों का नुकसान क्यों हो?"

मी आमगावच्या आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "अवं वहिनी, पोरीले हौस आली. एखादं पान पुढं गेलं तं काय बिघडलं?" मी ते सोडून दिलं. हौस म्हणजे हौस, मला तेव्हा एवढंच दिसलं.

त्यानंतर त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ आले. शिक्षण खात्यातले, सहजच या बाजूला आले होते म्हणून डोकावले, असं आजोबांनी सांगितलं. पांढरी गाडी कोपऱ्यावर उभी होती. गृहस्थ चांगलं इंग्रजी बोलत होते. बाळांनो, या गल्लीत माझ्याशी इंग्रजीत बोलणारं कोणी नाही. मी त्यांना चहा दिला, वेळापत्रक दाखवलं, उजळणीचा नियम समजावला. "व्हेरी सिस्टिमॅटिक, मॅडम," ते म्हणाले. मी स्पष्ट सांगितलं की ही शाळा नाही, ही आमची घरची सोय आहे, शिक्षकांना विचारून केलेली. ते म्हणाले, "ऑफ कोर्स, ऑफ कोर्स." आमगावच्या आजोबांनी मोबाइलवर फोटो काढले. सुनेला फळ्याजवळ उभं केलं, मला मुलांच्या मागे. "जावयाले पाठवतो," म्हणाले.

तो फोटो एका हिंदी पेपरात आला आणि त्याहून लवकर सगळ्यांच्या मोबाइलवर आला. वर लिहिलं होतं की संपाचा परिणाम नाही, रिसालीत शाळा सुरळीत, पालक आणि सुशिक्षित नागरिकांनी जबाबदारी उचलली. अंगण आमचं, तुळस आमची, मागे उभी मी.

त्या संध्याकाळी ती मेमूने आली, पण स्वयंपाकघरात आली नाही. जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबली. मी बाहेर गेले.

"मांडवात सगळ्यायनं पाह्यलं, काकू. एक सर म्हनले, मॅडम, तुम तो बेकार धूप में बैठी हो, तुम्हारे घर में ही स्कूल खुल गया. सगळे हासले."

"मला माहीत नव्हतं. तो जावयाला पाठवायचा फोटो होता."

"तुमी त्या साहेबाले चहा देल्ला का?"

"दिला."

"टाइमटेबल दाखवलं?"

"दाखवलं. पण मी त्याला सांगितलं होतं..."

"इंग्रजीत सांगतलं असन," ती म्हणाली. टोमणा मारायची तिची सवय नव्हती. तो एकच मारला आणि वर गेली.

दुसऱ्या दिवशी अंगणात एकही मूल आलं नाही. मी खिचडीचं पातेलं उतरवून बाहेर गेले तर शाळेकडून पाढ्यांचा आवाज येत होता. कुलूप उघडलं होतं. संपाच्या काळापुरते म्हणून खात्याने काही तात्पुरते शिक्षक घेतले होते, आणि आमच्या शाळेत घेतली होती ती आमगावच्या आजोबांची सून. अनुभव म्हणून तिने काय दाखवलं असेल ते सांगायला नको. माझ्या अंगणातले दिवस, माझं वेळापत्रक आणि तो फोटो.

मी तशीच शेजारी गेले. ते ओट्यावर पेपर वाचत होते.

"भाऊजी, कुलूप उघडायचं नाही असं तुम्ही म्हणाला होतात."

"म्या नाई उघडलं. खात्यानं उघडलं."

"आणि त्यांना बोलावलं कोणी?"

त्यांनी पेपर खाली ठेवला. "वहिनी, माह्या सुनेनं बीएड कावून केलं? पोळ्या लाटाले? किती अर्ज केले तिनं, तुमाले मालूम नाई. एक जागा रिकामी झाली तं पोरीनं बसाचं नाई का?"

"ती जागा रिकामी नव्हती. तिच्यावर बसणारी रायपूरला उन्हात बसली आहे."

"बॅटरी गरम ठेवली म्हणून कोनी गद्दार होत नाई."

"तुम्ही आत थांबायचात तेव्हा बाहेरच्याची नोकरी आपल्या घरात आणत नव्हता," मी म्हटलं.

त्यांनी पेपर पुन्हा उचलला. आतून त्यांची बायको म्हणाली, "या ना वो, चहा घेऊन जा." भांडण ऐकूनही ती चहाचं म्हणत होती. मी घेतला नाही. आमच्या दोन घरांत असं कधी झालं नव्हतं.

मला नंतर पुष्कळ विचार करायला वेळ मिळाला, आणि त्या ओट्यावरच्या भाषणातली गोम सापडली. बॅटरी थंड पडली तर नुकसान दोघांचं, मालकाचंही आणि मजुराचंही, म्हणून दोघंही ती गरम ठेवायला राजी असतात. शाळेत तडकणाऱ्या विटा नाहीत. वर्ग रिकामे दिसणं एवढीच त्या शिक्षकांची ताकद होती. आम्ही प्लांटची माणसं, संप म्हटला की आम्हाला एकच संप ठाऊक. त्या सगळ्या ओट्यावर, मी धरून, कुणाच्याच लक्षात आलं नाही की मुलं बसलेली दिसली की संप संपला. पण आमगावच्या आजोबांच्या ते लक्षात आलं होतं. भाषणाच्या वेळी की नंतर, ते मला अजून कळलेलं नाही. आणि मला तेच जाणून घ्यायचं आहे.

म्हणून तुमच्या आईला माझं सांगणं एवढंच. खिचडीची पाळी लाव, मोठ्यांकडून लहानांचे पाढे घे, नवा धडा सुरू करू नको. आणि फोटो काढू देऊ नको. संपावर जाणाऱ्या बाईंना आधी विचार, मग रोज विचारत राहा. मी एकदाच विचारलं आणि शब्द दिला म्हणून निश्चिंत राहिले.

संप मिटला. काही मागण्या पाहू म्हणाले, काही पुढे ढकलल्या. सगळ्यांना परत घेतलं, हे खरं. पण जिथे तात्पुरत्या शिक्षकांची सोय झाली आहे तिथे ती मोडायची नाही असं ठरलं आणि तिथल्या आधीच्या शिक्षकांना दुसरीकडे पाठवलं. आमच्या पोरीला ऑर्डर आली ती बस्तरकडच्या एका गावाची, आणि तीही कच्चीच. मागच्या खोलीत मी तिच्या आईसाठी खाट टाकून ठेवली होती. त्या गावाला बस दिवसातून एकदा जाते आणि पावसात तीही जात नाही; गुडघ्यांनी अधू बाईला तिथे नेणं शक्य नव्हतं. आई डोंगरगडकडेच राहिली. मुलगी राज्याच्या दुसऱ्या टोकाला.

या सगळ्यात ती माझ्याशी भांडली नाही. भाडं वेळेवर दिलं, पाणी भरून घेतलं, "हाव काकू," "नाई काकू." संध्याकाळचं वाचन थांबलं. मी दोनदा वर जाऊन सांगितलं की मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "मालूम हाय काकू." तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं की तिला ते खरं वाटत नाही. अंगण माझं, चहा माझा, आणि शेजारचे आमच्या घरचेच असल्यासारखे. तिने काय समजावं?

आता ते लिहिते जे लिहायला मला सगळ्यात जड जातं. तिच्या जाण्याच्या आदल्या दिवशी तुमचे आजोबा जेवताना म्हणाले, "त्याचा तरी काय दोष. त्याने मला विचारलं होतं."

माझा घास हातातच राहिला. "काय विचारलं होतं?"

"साहेबाला आणू का म्हणून. सुनेचं जमेल म्हणाला. मी म्हटलं, आण."

"तुम्हाला माहीत होतं? फोटोचं?"

"फोटोचंही होतं. त्याने आयुष्यात माझ्याकडे दुसरं काही मागितलं नाही."

"मला का नाही सांगितलं?"

"तुला सांगितलं असतं तर तू होऊ दिलं नसतं," ते म्हणाले आणि वरणाकडे हात केला.

मी वरण वाढलं. अजून मला त्याचं आश्चर्य वाटतं, पण मी वाढलं. कोक ओव्हनच्या आगीत दोघांनी एकमेकांची पाठ राखली, एकदा तर त्याने यांना भट्टीच्या झाकणावरून ओढून काढलं, हे सगळं मला ठाऊक आहे. तो हिशोब त्यांच्यापुरता खरा असेल. पण तो हिशोब त्यांनी माझ्या अंगणात चुकता केला, माझा शब्द खर्ची घालून, आणि जागा गेली वरच्या पोरीची.

सकाळी टेम्पो आला. मी यांना म्हटलं, "वर जा. तिला सांगा, माझ्या बायकोला काही माहीत नव्हतं, माहीत होतं ते मला. माझ्याकडून ती ऐकत नाही. तुमच्याकडून ऐकेल. एवढंच करा माझ्यासाठी."

ते गेले. मी जिन्याखाली उभी राहिले. वर पेटी ओढल्याचा आवाज झाला, मग यांचा आवाज आला. "रेग्युलेटर काढला का, बेटा? सिलिंडर आडवं ठेवू नको बरं टेम्पोत." मग पुन्हा, "या दोरीनं बांध, ती कच्ची आहे." मी वाट पाहत राहिले. दोरीचंच बोलणं चाललं होतं. थोड्या वेळाने ते सिलिंडर घेऊन खाली आले, या वयात, एकटे उचलून, घामाघूम. तिने मागोमाग बुद्धाचा फोटो टॉवेलात गुंडाळून आणला. खोलीची किल्ली तिने यांच्या हातात ठेवली, वाकून यांच्या पायांना हात लावला. मला दुरूनच हात जोडले.

"सांगितलं?" मी हळूच विचारलं.

"घाईत होती ती," ते म्हणाले, आणि नळावर हात धुवायला गेले.

ती घाईत नव्हती. टेम्पोवाला कोपऱ्यावर चहाला गेला होता आणि यायला तयार नव्हता. ती गेटबाहेर आपल्या सामानाजवळ उभी होती, बराच वेळ, घराकडे तोंड करून. शाळेतून पाढे ऐकू येत होते.